बोर्डो : एका औषधाचे आणि एका प्रदेशाचे नाव

नाशिक, सांगली किंवा सोलापूर जिल्ह्यातील एखाद्या शाळेत 'बोर्डो म्हणजे काय?' असा प्रश्न विचारला, तर द्राक्षबागायतदारांची मुले लगेच उत्तर देतील, "ते निळे औषध. छाटणीनंतर बागेला मारतात." कृतीही त्यांना पाठ असते. एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना आणि शंभर लिटर पाणी. बोर्डो नावाचे एक शहर फ्रान्समध्ये आहे, त्याच्याभोवती जगातील अत्यंत प्रसिद्ध द्राक्षमळे आहेत आणि या निळ्या औषधाचा जन्म तिथलाच, ही माहिती मात्र फार थोड्यांना असते.

या लेखात आपण बोर्डोची गोष्ट पाहणार आहोत. ती केवळ एका बुरशीनाशकाची गोष्ट नाही. एखाद्या पिकाला जेव्हा एका प्रदेशाचे नाव चिकटते, तेव्हा त्या नावात नेमके काय असते? माती, हवा, वाण की माणसाची रीत? आणि हवा बदलू लागली, मातीत विष साठू लागले, तर ते नाव टिकवायचे कसे? बोर्डोचे शेतकरी आज या प्रश्नांना तोंड देत आहेत. 'नाशिक व्हॅली वाइन' या नावाला २०१०-११ मध्ये भौगोलिक निर्देशन मिळाले, त्यामुळे हे प्रश्न आपल्यालाही फार दूरचे राहिलेले नाहीत.

नदी, गोटे आणि पाणी

फ्रान्सच्या नैर्ऋत्येला गारोन आणि दोर्दोन्य या दोन नद्या एकत्र येतात. त्यांच्या संगमातून जिरोंद नावाची रुंद खाडी तयार होते आणि ती अटलांटिक महासागराला मिळते. बोर्डो शहर गारोनच्या काठी आहे. खाडीच्या डाव्या तीरावर नद्यांनी हजारो वर्षांत आणून टाकलेल्या गोट्यांचे आणि वाळूचे थर आहेत. उजव्या तीरावर चिकणमाती आणि चुनखडी अधिक आहे. डाव्या तीरावर काबर्ने सोव्हिन्यॉं हे उशिरा पिकणारे वाण मुख्य, तर उजव्या तीरावर त्याआधी पिकणारे मेर्लो मुख्य.

असे का? पूर्वी याचे उत्तर गूढ भाषेत दिले जाई. 'मातीची चव द्राक्षात उतरते' असे म्हणत. विज्ञानाने या समजुतीकडे जरा कठोरपणे पाहिले. मुळे मातीतून पाणी आणि विरघळलेले क्षार घेतात. पण गोट्यांची किंवा चुनखडीची 'चव' जशीच्या तशी मण्यात जात नाही. साखर, आम्ले, रंगद्रव्ये, टॅनिन आणि सुगंधी संयुगे वेल स्वतःच तयार करते. मग मातीचा परिणाम होतो तो कसा?

बोर्डो विद्यापीठातील जेरार सेगँ या शास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात डाव्या तीरावरील मळ्यांचा बारकाईने अभ्यास केला. उत्तम समजल्या जाणाऱ्या मळ्यांच्या माती रासायनिक दृष्ट्या एकमेकींपेक्षा बऱ्याच वेगळ्या निघाल्या. त्यांच्यात समान होता तो पाण्याचा व्यवहार. पावसाचे जादा पाणी झटकन निचरून जाते, वेलीला पाणी मिळते पण मुबलक नाही, आणि मण्यात पाणी उतरण्याच्या सुमारास वेलीला थोडा ताण बसलेला असतो. असा सौम्य ताण बसला की शेंड्यांची वाढ थांबते, मणी लहान राहतात आणि वेलीने तयार केलेली साखर फुटव्यांऐवजी घडांकडे जाते. लहान मण्यात गराच्या मानाने सालीचे प्रमाण जास्त असते. लाल वाइनचा रंग आणि तुरटपणा सालीतूनच येतो.

याशिवाय पाणी धरून न ठेवणारी गोट्यांची जमीन ओल्या चिकणमातीपेक्षा लवकर तापते. उशिरा पिकणाऱ्या काबर्नेला ही ऊब हवी असते. ती मिळाली नाही, तर मण्यात मेथॉक्सिपायरॅझिन नावाची संयुगे शिल्लक राहतात आणि वाइनला ढोबळी मिरचीसारखा वास येतो. ढोबळी मिरचीलाही तिचा वास याच प्रकारच्या संयुगांमुळे असतो.

फ्रेंच लोक या सगळ्याला मिळून 'तेर्वार' असा एक शब्द वापरतात. माती, उतार, पाऊस, ऊन, वाण आणि पिढ्यान्‌पिढ्यांची शेतीची रीत यांच्या एकत्रित परिणामाचे ते नाव आहे. हापूस म्हणजे रत्नागिरी-देवगडचाच असे आपण म्हणतो, त्यामागे जी कल्पना असते तीच ही. फ्रान्सने १९३५ मध्ये कायदा करून तिला नियमांत बसवले. बोर्डोची नियमावली १९३६ मध्ये आली. त्या प्रदेशात पिकलेल्या आणि परवानगी असलेल्या वाणांच्या द्राक्षांच्या वाइनलाच 'बोर्डो' म्हणता येते. फळ देणाऱ्या वेलींना पाणी देण्यास सर्वसाधारणपणे मनाई आहे, कारण पाण्याचा नैसर्गिक ताण हा त्या प्रदेशाच्या ओळखीचाच भाग मानला जातो. कडक दुष्काळात अपवाद म्हणून परवानगी मिळते.

अमेरिकेतून आलेले तीन पाहुणे

ही ओळख वाटते तितकी जुनी आणि अढळ मात्र नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून अमेरिकेतून आलेल्या वेलींबरोबर तीन शत्रू युरोपात उतरले. पहिली भुरी. १८४५ मध्ये ती इंग्लंडमध्ये दिसली आणि काही वर्षांतच फ्रान्सभर पसरली. गंधकाची भुकटी मारून तिच्यावर ताबा मिळवता आला.

दुसरा शत्रू फायलोक्सेरा, म्हणजे मुळांवर जगणारी मावावर्गीय सूक्ष्म कीड. १८६० नंतरच्या दशकात फ्रान्समधील वेली एकाएकी वाळू लागल्या. १८६८ मध्ये प्लांशाँ या वनस्पतिशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी मुळांवरची कीड शोधून काढली. अमेरिकी वेली या किडीबरोबर हजारो वर्षे राहिल्या होत्या, म्हणून त्यांची मुळे तिला दाद देत नव्हती. युरोपीय वेलीला मात्र असे संरक्षण नव्हते. उपाय निघाला तो कलमाचा. खाली अमेरिकी खुंट आणि वर युरोपीय वाण. आज बोर्डोच्या जवळजवळ प्रत्येक वेलीची मुळे अमेरिकी वंशाची आहेत. 'मातीची चव' सांगणाऱ्या प्रदेशातील वेलींचे मातीशी नाते परदेशी मुळांमार्फत आहे, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. आपल्याकडचे बागायतदार डॉगरिज खुंट वापरतात. त्याचे मूळही अमेरिकेतील टेक्सासकडच्या रानवेलींत आहे. आपण तो स्वीकारला तो फायलोक्सेरासाठी नव्हे, तर पाण्याची टंचाई आणि खारवट जमीन सोसण्यासाठी.

तिसरा शत्रू केवडा, म्हणजे डाउनी मिल्ड्यू. फ्रान्समध्ये तो १८७८ मध्ये आढळला. आपण सवयीने त्याला बुरशी म्हणतो, पण शास्त्रीय वर्गीकरणात तो खऱ्या बुरशींत मोडत नाही. तो ऊमायसीट या वेगळ्या गटातील आहे. त्याचे बीजाणू पानावरील पाण्याच्या पातळ थरात चक्क पोहतात आणि पानाच्या खालच्या बाजूच्या रंध्रांतून आत शिरतात. म्हणूनच पान ओले राहिले की केवडा येतो. फळछाटणीनंतर अवकाळी पाऊस आला की आपल्या बागायतदाराची झोप उडते ती याचसाठी.

चोरांसाठी केलेला उपाय

बोर्डो मिश्रणाचा शोध विज्ञानाच्या इतिहासातील एक बोधप्रद प्रसंग आहे. बोर्डोमधील वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक मिलार्दे १८८२ च्या ऑक्टोबरात सें-झुलियँ भागातून जात होते. सगळीकडे केवड्याने पाने गळून गेलेली. रस्त्यालगतच्या काही ओळींवर मात्र पाने हिरवीगार टिकून होती. पाहतात तो त्या पानांवर निळसर डाग. चौकशी करता कळले, की वाटसरूंनी घड तोडू नयेत म्हणून रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद आणि चुना शिंपडण्याची तिथे पद्धत होती. पाने विषारी दिसली की चोर हात लावत नसत.

हजारो माणसांनी ती पाने पाहिली असतील. मिलार्दे यांनी मात्र 'याच ओळी का वाचल्या?' असा प्रश्न केला. रसायनशास्त्रज्ञ गेयाँ यांच्या मदतीने त्यांनी प्रयोग केले आणि १८८५ मध्ये कृती प्रसिद्ध केली. त्या पहिल्या कृतीतील मोरचुदाचे प्रमाण आपल्या एक टक्का मिश्रणाच्या कित्येक पट होते.

हे मिश्रण काम कसे करते? नुसते मोरचुदाचे द्रावण आम्लधर्मी असते आणि त्यातील विद्राव्य तांबे पान जाळते. चुना घातला की तांब्याचा निळा, न विरघळणारा साका तयार होतो. तो पानाला चिकटून राहतो. पान ओले झाले की त्यातून तांब्याचे आयन अगदी थोड्या प्रमाणात सुटतात. पोहणाऱ्या बीजाणूला मारायला तेवढे पुरतात, पानाला इजा करायला मात्र अपुरे पडतात. पाऊस आला की रोगही येतो आणि औषधही जागे होते. दोष एवढाच, की हे औषध पानाच्या आत शिरत नाही. जोराच्या पावसाने धुऊन गेले किंवा नवे पान फुटले, की फवारणी पुन्हा करावी लागते.

धुऊन गेलेले तांबे जाते कुठे?

येथून गोष्टीला वेगळे वळण लागते. कीडनाशकांतील अनेक सेंद्रिय संयुगे कालांतराने मोडतात. तांबे मूलद्रव्य आहे. त्याचे विघटन होऊ शकत नाही. पानावरून धुऊन गेलेले तांबे मातीत उतरते, तेथील सेंद्रिय पदार्थांना आणि चिकणमातीच्या कणांना चिकटते आणि वरच्या थरातच राहते.

आपण एक साधा हिशेब करू. मोरचुदात वजनाच्या सुमारे एक चतुर्थांश तांबे असते. रासायनिक सूत्र आणि अणुभार देऊन विद्यार्थ्यांकडून हे काढून घेता येईल. एका हेक्टरला एक टक्का मिश्रण हजार लिटर फवारले, तर मोरचूद १० किलो आणि तांबे अडीच किलो पडले. आता एक हेक्टर जमिनीचा वरचा २० सेंटिमीटरचा थर घ्या. त्याचे घनफळ २००० घनमीटर. एका घनमीटर मातीचे वजन १.३ टन धरले, तर एकूण माती २६ लाख किलो. अडीच किलो तांबे एवढ्या मातीत मिसळले, तर एका फवारणीने दर किलो मातीत जवळजवळ एक मिलिग्रॅम तांब्याची भर पडते. ऐकायला थोडे वाटते. पण वर्षाला अनेक फवारण्या आणि अशी शंभराहून अधिक वर्षे!

२०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युरोपीय मृदा सर्वेक्षणात सर्व प्रकारच्या जमिनींची तांब्याची सरासरी दर किलोला सुमारे १७ मिलिग्रॅम निघाली. द्राक्षमळ्यांची सरासरी निघाली सुमारे ४९. काही जुन्या मळ्यांत तर हा आकडा शेकड्यांत जातो. प्रमाण वाढले की गांडुळे कमी होतात, मातीतील सूक्ष्मजीवांचे काम मंदावते आणि नव्याने लावलेल्या रोपांची मुळे नीट वाढत नाहीत. म्हणजे ज्या मातीच्या नावावर वाइन विकायची, त्या मातीलाच ते नाव राखण्याची किंमत द्यावी लागते.

यात सेंद्रिय शेती करणाऱ्यांची मोठी कोंडी आहे. त्यांना कृत्रिम बुरशीनाशके वापरता येत नाहीत, पण तांबे आणि गंधक चालते. म्हणून केवड्याच्या वर्षी त्यांचाच तांब्यावर भार अधिक. युरोपीय संघाने २०१९ पासून तांब्यावर मर्यादा घातली आहे. सात वर्षांत मिळून हेक्टरी २८ किलो, म्हणजे वर्षाला सरासरी ४ किलो. वरच्या हिशेबाप्रमाणे एक टक्क्याच्या दोन फवारण्यांतच ही वार्षिक सरासरी ओलांडली जाते. 'सेंद्रिय' आणि 'टिकाऊ' हे दोन शब्द आपण एकाच अर्थाने वापरतो. ते तसे नाहीत, हे या उदाहरणावरून विद्यार्थ्यांना चांगले समजावता येईल.

तांब्याऐवजी कृत्रिम औषधे वापरली तरी प्रश्न सुटत नाही. फ्रान्सच्या शेतजमिनीपैकी द्राक्षाखाली सुमारे तीन टक्के जमीन आहे, पण वनस्पतिसंरक्षक औषधांपैकी सुमारे वीस टक्के तिथे वापरली जातात असे सांगितले जाते. २०१४ च्या मे महिन्यात बोर्डोजवळील व्हिलनव्ह गावी शाळेशेजारच्या मळ्यांत बुरशीनाशकाची फवारणी चालू असताना शाळेतील २३ मुलांना आणि त्यांच्या शिक्षिकेला मळमळ, डोकेदुखी, डोळ्यांची जळजळ असा त्रास झाला. प्रकरण न्यायालयात गेले आणि २०२० मध्ये अपिलात दोन मळ्यांना दंड झाला. शाळांजवळच्या फवारणीवरील निर्बंधही त्यानंतर कडक झाले. आपल्याकडे शाळेच्या कुंपणाला लागून द्राक्षबागा असलेली गावे कमी नाहीत. त्यामुळे फ्रान्समधील ही घटना आपण केवळ बातमी म्हणून वाचून सोडू नये.

हवा पुढे सरकते आहे

दुसरे संकट हवामानाचे. फ्रान्सच्या बर्गंडी प्रदेशातील बोन गावी द्राक्षतोडणी कधी सुरू झाली, याच्या १३५४ सालापासूनच्या नोंदी अभ्यासकांनी एकत्र केल्या आहेत. १३५४ ते १९८७ या काळात तोडणी सरासरीने २८ सप्टेंबरच्या सुमारास सुरू होई. १९८८ ते २०१८ या काळात ती सरासरी १३ दिवस आधी होऊ लागली. तापमापकाच्या शोधाच्या कितीतरी आधीपासून वेल हे काम करत आली आहे.

लवकर पिकले तर बिघडले कुठे, असे वाटेल. पण मण्यात अनेक प्रक्रिया एकाच वेळी चालतात आणि उष्णतेने त्या सगळ्या सारख्या वेगाने पुढे जात नाहीत. साखर लवकर भरते. मॅलिक आम्ल उबदार रात्री श्वसनात वेगाने जळून जाते. सालीतील तांबडी रंगद्रव्ये अति उष्णतेत नीट तयार होत नाहीत. बियांतील टॅनिन आणि सुगंध तयार होण्याची वाट पाहावी, तर तोवर साखर फार वाढलेली असते. रसातील दर लिटरला सुमारे १७ ग्रॅम साखर आंबली की एक टक्का अल्कोहोल तयार होते. त्यामुळे पूर्वी साडेबारा टक्क्यांच्या आसपास असणाऱ्या वाइन चौदा टक्क्यांकडे सरकल्या. आम्ल कमी, अल्कोहोल जास्त आणि चव जड. बोर्डोची म्हणून ओळखली जाणारी चव ही नव्हे.

मेर्लो लवकर पिकते, म्हणून त्याला याचा फटका अधिक. आणि बोर्डोच्या अर्ध्याहून अधिक क्षेत्रात आज मेर्लोच आहे. त्यातच उबदार हिवाळ्यामुळे डोळे लवकर फुटतात आणि एप्रिलमधील एखादी कडाक्याची रात्र कोवळे फुटवे जाळून टाकते. २०१७ आणि २०२१ या दोन्ही वर्षी हे घडले. सरासरी तापमान वाढते आणि तरीही थंडीने नुकसान होते, यात विसंगती नाही. वेल आधी जागी होते, हे त्याचे कारण.

वाण बदलले तर नाव राहील का?

२००९ मध्ये बोर्डो येथील कृषिसंशोधन संस्थेच्या आवारात एक प्रयोग सुरू झाला. निरनिराळ्या देशांतील आणि प्रदेशांतील ५२ वाण एकाच जमिनीत शेजारी शेजारी लावले गेले. कोणाचे डोळे कधी फुटतात, पाणी कधी उतरते, साखर आणि आम्ल कसे बदलते, यांच्या नोंदी दरवर्षी घेतल्या जात आहेत. उद्याच्या बोर्डोची हवा सोसून चव राखू शकेल असे वाण शोधण्याचा हा प्रयत्न.

अशा अभ्यासांच्या आधारे २०२१ मध्ये बोर्डोच्या नियमांत सहा नवे वाण प्रयोग म्हणून आले. आरिनार्नोआ, कास्ते, मार्सलान आणि तुरिगा नासिओनाल हे चार लाल, अल्वारिन्यो आणि लिलिओरिला हे दोन पांढरे. यातील मार्सलान हा काबर्ने सोव्हिन्यॉं आणि ग्रेनाश यांचा १९६१ मध्ये केलेला संकर. तुरिगा नासिओनाल पोर्तुगालचा. कास्ते हा नैर्ऋत्य फ्रान्सचाच, पण विसरला गेलेला जुना वाण. अटी कडक आहेत. मळ्याच्या क्षेत्रात त्यांचा वाटा पाच टक्क्यांपर्यंत आणि मिश्रणात दहा टक्क्यांपर्यंत. बाटलीवरील चिठ्ठीवर त्यांचे नाव छापायचे नाही.

काहींना हे आपल्या ओळखीवरच घाला घातल्यासारखे वाटले. त्यांचे म्हणणे सहज टाकून देण्यासारखे नाही. कोणताही वाण कुठेही लावता येऊ लागला, तर प्रदेशाचे नाव ही नुसती छापील पट्टी होईल. पण इतिहास दुसरी बाजूही दाखवतो. फायलोक्सेरापूर्वी बोर्डोत माल्बेक आणि कार्मेनेर हे वाण आजच्यापेक्षा कितीतरी अधिक होते. कलमे करून मळे पुन्हा उभे करताना ते मागे पडले. पुढे १९५६ च्या फेब्रुवारीत पडलेल्या भीषण थंडीने हजारो वेली मेल्या आणि त्यानंतरच्या लागवडीत मेर्लो झपाट्याने वाढले. कार्मेनेर तर बोर्डोतून जवळजवळ नाहीसे झाले. १९९४ मध्ये बूर्सिको या फ्रेंच द्राक्षतज्ज्ञाने चिलीतील मळे पाहिले, तेव्हा तिथे मेर्लो समजून वाढवल्या जाणाऱ्या कित्येक वेली प्रत्यक्षात कार्मेनेर असल्याचे त्याला आढळले. शतकापूर्वी नेलेल्या काड्यांतून एक वाण हजारो किलोमीटरवर परक्या नावाने जगत राहिला होता.

खुद्द काबर्ने सोव्हिन्यॉंची कथाही अशीच. १९९७ मध्ये कॅलिफोर्नियातील संशोधकांनी डीएनएच्या आधारे दाखवले, की काबर्ने फ्रां हा लाल आणि सोव्हिन्यॉं ब्लां हा पांढरा, अशा दोन वाणांच्या संकरातून तो जन्मला. शास्त्रज्ञाने केलेला हा संकर नव्हे, मळ्यात आपोआप झालेला. कोणा शेतकऱ्याने ते रोप ओळखले, राखले आणि काडीने वाढवले. आज 'परंपरा' म्हणून मिरवणारा वाण एकेकाळी नवाच होता.

संकराचा मार्ग

वेल बीपासून लावली तर आईसारखी निपजत नाही, म्हणून काडीपासून वाढवतात. त्यामुळे एका वाणाच्या सर्व वेली जनुकीय दृष्ट्या जवळजवळ एकच असतात. शेकडो वर्षे काबर्ने आहे तिथेच उभा आहे. दरम्यान केवड्याचे आणि भुरीचे जंतू मात्र दरवर्षी बदलत राहतात. थांबलेल्या पिकाचे संरक्षण मग औषधालाच करावे लागते.

यातून सुटण्याचा मार्ग म्हणजे रोगप्रतिकारक वाण. फ्रान्समधील आलँ बुके यांनी १९७० च्या दशकात मस्कॅडाइन या अमेरिकी रानवेलीतील प्रतिकारशक्ती युरोपीय द्राक्षात आणण्याचे काम हाती घेतले. संकर करायचा, प्रतिकारक रोप निवडायचे आणि पुन्हा चांगल्या वाणाशी संकर करायचा. असे पिढ्यान्‌पिढ्या केले की रानटी चव जाते आणि प्रतिकार उरतो. वेलीची प्रत्येक पिढी वर्षांची, त्यामुळे एका वाणामागे दशके जातात. २०१८ मध्ये फ्रान्समध्ये आर्ताबान, फ्लोरेआल, व्हिडोक आणि व्होल्टिस या चार वाणांची नोंद झाली. जंतूने एक कुलूप फोडले तरी दुसरे राहावे, म्हणून त्यांत प्रत्येक रोगाविरुद्ध एकाहून अधिक जनुके घातलेली आहेत. अशा वाणांना बुरशीनाशकांची गरज बरीच कमी लागते. २०२१ मध्ये युरोपीय संघाने नियम बदलून अशा संकरित वाणांना प्रदेशनामाच्या वाइनमध्ये वाव दिला.

पण विज्ञानाने वाण दिला म्हणजे शेतकरी वाचला, असेही नाही. वाइनची मागणी घटल्याने २०२३ मध्ये बोर्डोत सुमारे साडेनऊ हजार हेक्टर मळे सरकारी मदतीने उपटण्याची योजना जाहीर झाली. औषध, मजुरी आणि कर्ज यांचा बोजा असताना, कोणी विकत घेईल की नाही याची खात्री नसलेला वाण लावायचा कोणी? टिकाऊपणाचा हिशेब मातीइतकाच माणसाच्या पोटाशीही असतो.

नाशिकचे नाव

आता आपल्याकडे वळू. नाशिकच्या वाइनसाठी लावलेले शिराझ, शेनिन ब्लां, काबर्ने हे सगळे वाण बाहेरून आलेले. खुंट अमेरिकी. औषधाचे नाव बोर्डो. मग नाशिकचे म्हणून त्यात काय?

एक गोष्ट निश्चित आपली आहे. बोर्डोत वेलीला हिवाळा झोपवतो आणि वसंत जागे करतो. आपल्याकडे तसा हिवाळाच नाही. वेल बारा महिने वाढू शकते, म्हणून तिचे ऋतू कात्री ठरवते. एप्रिलमधली खरड छाटणी काडी तयार करते आणि त्या काडीत पुढच्या घडाची सूक्ष्म बीजे धरतात. पावसाळा ओसरताना केलेली फळछाटणी घड बाहेर काढते. मणी थंडीत वाढतो आणि साधारण जानेवारी ते मार्चमध्ये तोडणी होते. कोरडी हवा, गार रात्री आणि स्वच्छ ऊन यांच्याशी पिकण्याचा काळ जुळवून घेणारी ही दुहेरी छाटणी आपल्या शेतकऱ्याचे आणि संशोधकांचे ज्ञान आहे. ती काढून घेतली तर नाशिकची द्राक्षशेती उरत नाही.

दुसरी गोष्ट पाण्याची. बोर्डोत पाणी देण्याला मनाई, तर आपल्याकडे ठिबकाशिवाय बाग जगत नाही. त्यामुळे पाण्याचा ताण माती ठरवत नाही, बागायतदार ठरवतो. हे बळ आहे आणि जबाबदारीही. खाण्याच्या द्राक्षाला मोठा, टपोरा मणी हवा. वाइनच्या द्राक्षाला लहान मणीच चांगला, म्हणजे कमी पाण्यावर त्याचे भागू शकते. पण धरण-विहिरींचे पाणी संपले किंवा उपशाने क्षार वर आले, तर नाव कोणतेही असो, बाग राहणार नाही. आणि अवकाळी पावसाच्या वर्षी आपल्या मातीत किती तांबे उतरते, याचा हिशेबही आपण ठेवायला हवा.

बोर्डोचा अनुभव असे सांगतो, की प्रदेशाची ओळख कोणा एका वाणात बंद नसते. वाण दोनदा-तीनदा बदलले, मुळे परकी आली, तरी ते नाव राहिले. ज्या दिवशी माती आणि पाणी बिघडेल, त्या दिवशी मात्र जुने वाण जपूनही नाव राखता येणार नाही.

वर्गात करून पाहण्यासाठी

१. शिक्षकांनी स्वतः, प्लास्टिकच्या भांड्यांत, दहा ग्रॅम मोरचूद अर्धा लिटर पाण्यात विरघळवावे आणि दहा ग्रॅम चुना दुसऱ्या अर्ध्या लिटरमध्ये कालवावा. मोरचूद विषारी आहे. हातमोजे घालावेत आणि मुलांना द्रावण हाताळू देऊ नये. मोरचुदाच्या द्रावणात घासून स्वच्छ केलेला लोखंडी खिळा बुडवून काढला की त्यावर तांबूस थर दिसतो. लोखंडाने तांब्याला विस्थापित केले. आता दोन्ही द्रावणे तिसऱ्या भांड्यात एकदम ओतावीत आणि ढवळावीत. नीट जमलेल्या मिश्रणात दुसरा स्वच्छ खिळा तांबूस होत नाही, निळा लिटमसही तांबडा होत नाही. बागायतदार हीच परीक्षा विळ्याच्या पात्याने करतात. तसे का, हे मुलांना सांगू द्यावे. उरलेले मिश्रण नाल्यात किंवा विहिरीजवळ ओतू नये.

२. गावातील एखाद्या बागायतदाराला विचारून गेल्या हंगामात एकरी किती मोरचूद आणि इतर तांबेयुक्त औषधे लागली ते लिहून घ्यावे. लेखातील रीतीने मातीतील तांब्याची वार्षिक भर काढावी आणि हेक्टरी ४ किलोच्या मर्यादेशी ताडून पाहावी. एक हेक्टर म्हणजे सुमारे अडीच एकर.

३. फळछाटणीची, घड दिसण्याची, पाणी उतरण्याची आणि तोडणीची तारीख एका वहीत दरवर्षी लिहावी. पुढच्या इयत्तेच्या मुलांनी ती वही पुढे चालवावी. छाटणीची तारीख शेतकरी ठरवतो, म्हणून छाटणीपासून तोडणीपर्यंतचे दिवस मोजावेत. बोन गावच्या नोंदी अशाच वर्षामागून वर्षे साठत गेल्या. आपल्या शाळेच्या कपाटातील वही तीस वर्षांनी कोणाच्या तरी उपयोगी पडेल.